मागून घेतलेली ड्यूटी

मला गाडीत बसून जाता येत नाही. जळगावला एसटीत कंडक्टर आहे मी. इतकी वर्षं उभ्यानं, सीटच्या दांड्याला कंबर टेकवून तिकिटं काढण्यात गेली की सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून चढले, खिडकीची जागा मिळाली, तरी बूड टिकत नाही. त्या दिवशी धुळ्याच्या गाडीतही तेच झालं. पाळधीपर्यंत कशीबशी बसले आणि मग उठून दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिले. शेजारची बाई म्हणाली, "ताई, जागा असून उभ्या का?" मी म्हटलं, "असू द्या, सवय आहे." तिनं माझ्या जागेवर आपली पिशवी ठेवली, पिशवीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

कंडक्टर पोरगी नवी होती. मी साडीत असल्यामुळे तिनं मला ओळखलं नाही. अर्ध्या तिकिटामुळे बायकांची ही गर्दी, आणि ही म्हाताऱ्यांची आधार कार्डं उलटसुलट करून निरखत बसलेली. अशानं एरंडोल आलं तरी निम्मी गाडी बिनतिकिटाचीच राहणार हे मला दिसत होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माझं चित्त थाऱ्यावर नसलं की मला दुसऱ्यांची कामं सुधारायची फार हौस येते. घरी असते तर नवऱ्याच्या पाठीशी लागले असते. इथे ही पोरगी सापडली होती.

मी दारावर चालले होते. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. लग्नाला गेलं नाही तर फोन करून भागतं, बारशाला नंतर कधीतरी कपडे नेऊन दिले तरी चालतं. दारावर मात्र जावंच लागतं. नाही गेलं तर ते घर तुमच्यासाठी मिटलं. याची दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षं ज्यांचं तोंड बघितलेलं नाही अशी माणसंही दारावर येतात, आणि त्या दिवशी त्यांना कुणी का आलात म्हणून विचारत नाही. मी नेमकी याच सवलतीचा फायदा घ्यायला निघाले होते. मैत्रिणीची आई गेली होती, तिचं मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक दुसराच प्रश्न मला चावत होता. आपण काय केलं म्हणून ही मैत्रीण आपल्याला सोडून गेली, हा.

आम्ही एकाच वेळी नोकरीला लागलो. डेपोत बायकांसाठी तेव्हा एकच विश्रांतीची खोली होती, एक खाट, भिंतीला खिळे, आणि वेगापेक्षा आवाज जास्त असलेला पंखा. पहिल्याच आठवड्यात तिनं तिची ओली ओढणी माझ्या खिळ्यावर टांगली आणि माझा धुतलेला युनिफॉर्म भिजला. मी इतकी भांडले की कंट्रोलर साहेब दाराबाहेर येऊन खाकरले. तिनं ओढणी काढून पिशवीत कोंबली. दुसऱ्या दिवशी आली ती स्वतःची हातोडी आणि खिळे घेऊन. घरून, नशिराबादहून, गाडीतून हातोडी घेऊन आली ही बया! तिनं भिंतीत आपला वेगळा खिळा ठोकला, हातोडी पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "आता भांड." मला हसू आवरेना. तेव्हापासून आम्ही दोघी खाटेवर अर्धं अर्धं बसून डबा खायला लागलो. पहिल्या भेटीत ज्यांच्याशी माझं वाजत नाही अशी माणसं मला कधी जवळची झालेली नाहीत. नवऱ्याशीही मी बघण्याच्या कार्यक्रमात भांडले होते, चहात साखर किती यावरून.

गाडीत ती भित्री होती. पुढे सरका, म्हणतानासुद्धा विनंती केल्यासारखं म्हणायची. मी तिला डेपोच्या मागच्या भिंतीशी नेऊन ओरडायला शिकवलं. आधी तिला लाज वाटायची, मग मजा वाटायला लागली. ड्रायव्हर लोक आम्हाला हसायचे. आम्ही त्यांना हसायचो.

तिचं लग्न जळगावातच झालं. त्या घरात काय चाललंय हे मला उशिरा कळलं, कारण ती सांगत नव्हती आणि मी स्वतःच्या संसारात होते. नवऱ्याला संशय. ड्रायव्हर कोण होता, गाडी का उशिरा आली, हसत का उतरलीस. एका सकाळी ती ड्यूटीवर आली ती उजवा हात ओढणीखाली धरून. डाव्या हातानं तिकिटाचं मशीन दाबत होती. मी ओढणी बाजूला केली. मनगट सुजून निळं झालेलं. मोडलं होतं ते, नंतर कळलं. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण ती म्हणाली, घसरले. पुढच्या वेळी नाही बसले. माझ्या भावाला घेऊन थेट तिच्या घरी गेले आणि तिला बाहेर काढलं. चप्पल घालायलाही थांबू दिलं नाही.

ती आमच्या घरी राहिली, माझ्या माहेरी. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आम्ही बौद्ध. तिचे लोक स्वतःला आमच्यापेक्षा वरचे समजणारे. तिच्या वडिलांनी तर लाजेनं घराबाहेर पडणंच सोडलं. पण आई यायची, नशिराबादहून सकाळच्या गाडीनं, पिशवीत मेथी नाहीतर शेंगा घेऊन. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या आईनं पाणी दिलं. तिनं पेला हातात घेतला आणि घटकाभर नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग पिली. माझ्या आईला ते दिसलं, मलाही दिसलं. मी बोलणार होते पण आईनं डोळ्यांनी दाबलं. पुढच्या खेपेला त्या बाईनं उंबऱ्यातच चप्पल काढली, सरळ आत गेली, माठातून स्वतः पाणी घेतलं आणि आईला म्हणाली, "तुम्हाले देऊ का वं बाई?" त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली. मला म्हणायची, माझ्या पोटच्या पोरीआधी तू आठवते.

फारकत झाली. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी रजा टाकून बरोबर होते. मग तिनं बदली मागितली आणि धुळ्याला गेली. तिथेच तिचं दुसरं लग्न जमलं. देवपूरचा माणूस, शांत, शिकवण्या घेणारा. मी त्याची खडान् खडा चौकशी केली होती. शेजारी, दुकानदार, कुणाला सोडलं नाही. लग्नात सगळ्यांत जास्त मीच नाचले आणि सगळ्यांत जास्त मीच रडले.

त्यानंतरची काही वर्षं मला वाटतं आमची सगळ्यांत चांगली होती. माझी गाडी जळगाव-धुळे. दुपारी धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली की परतीच्या वेळेपर्यंत जो काही अवकाश मिळायचा त्यात ती यायची, नाहीतर तिथेच ड्यूटीवर असायची. कँटीनच्या मागच्या बाकावर आम्ही चहा प्यायचो. तिला मुलगी झाली. मुलगी चालायला लागली, शाळेत जायला लागली. सगळं मला त्या बाकावर कळत गेलं.

मग ती दिसेनाशी झाली. आधी वाटलं, योगायोग. शिरपूरच्या गाडीवर आहे, रजेवर आहे, मुलगी आजारी आहे. मी लावलेला फोन वाजायचा आणि थांबायचा. एकदा मेसेज आला, कामात आहे. मी म्हटलं, असेल. शेवटी एका दुपारी धुळ्याच्या कंट्रोलर साहेबांना विचारलं. ते जुने, ओळखीचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी समजले की काहीतरी वाईट ऐकायचं आहे. म्हणाले, "बाई, त्यांनी स्वतःच मागून घेतलीय पहाटेची गाडी. पार शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याची. तुमची गाडी लागायच्या वेळेला स्टँडवर ड्यूटी नको म्हणाल्या."

ती गाडी कुणालाच नको असते. अंधारात घर सोडायचं, रस्ता असा की उभ्या माणसाचे दात वाजतात. हंगामात बाजाराला निघालेल्या बायका डोंगरातून मोहाच्या फुलांच्या पाट्या घेऊन चढतात, आणि त्या पाट्या टपावर टाकायच्या की पायाशी यावरून रोज वाद. नवीन माणसाला शिक्षा म्हणून लावतात ती ड्यूटी. आणि हिनं ती मागून घेतली होती. मला टाळण्यासाठी! मी चहा अर्धा टाकला आणि माझ्याच गाडीत जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पुढे बघून चालव.

त्यानंतर एकदाच दिसली. तिची गाडी त्या दिवशी उशिरा परतली होती आणि स्टँडमधून डेपोकडे निघाली होती, ती दारात उभी, हातात मशीन. मी हात वर केला. तिनं मान फिरवली. मी वर केलेल्या हातानं केस सारखे केले, कारण आजूबाजूला माणसं होती.

यानंतर माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते त्या दिवसापर्यंत थांबलं नव्हतं. रात्री झोपताना नाही, मला झोप लागते, पण दिवसभर. तिकीट काढताना, पोळ्या लाटताना. मी काय बोलले? मुलीच्या वाढदिवसाला दिलेला फ्रॉक लहान झाला म्हणून? मी तिच्या नवऱ्याला गमतीनं मास्तर म्हणायचे म्हणून? एकेक कारण उचलायचं, आणि परत ठेवायचं. फिरून फिरून मी एकाच कारणापाशी येऊन थांबायचे. जात. नवं घर, नवे नातेवाईक, मुलगी मोठी होतेय, कोण ही बाई, कुठली, घरात काय येते. असंच असणार. एकदा हे ठरवलं की मला बरं वाटायचं. राग धरायला हाताशी काहीतरी घट्ट मिळायचं. मग तिच्या आईनं माठातून घेतलेलं पाणी आठवायचं आणि पुन्हा सगळं सुटायचं.

माझा नवरा म्हणायचा, "कंडक्टरबाई, एवढी गाडी भरून माणसं रोज चढतात, रोज उतरतात. एक उतरली म्हणून काय झालं?" त्याला वाटायचं, मी हसेन. मी त्याला म्हणायचे, "तुम्ही उतरलात ना, तर मी मागे वळूनसुद्धा बघणार नाही." तो म्हणायचा, "मला ठाऊक आहे, म्हणून तर बसून आहे." आमचं हे असं चालतं. आमचं नातं टिकलं ते कसं, याचा मी कधी विचारच केलेला नाही. बहुतेक म्हणूनच टिकलं असेल.

तर धुळ्याकडच्या एका ड्रायव्हरनं आदल्या दिवशी सांगितलं, तुमच्या मैत्रिणीची आई गेली. अलीकडे तिच्याकडेच असायची, देवपूरला. मी तिथल्या तिथे रजा टाकली.

धुळ्याला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. रिक्षा केली. पांझरेच्या पुलावर रिक्षावाल्यानं विचारलं, देवपुरात कुठे, आणि मी पत्ता सांगता सांगता म्हटलं, "थांबा, परत फिरवा." त्यानं आरशातून बघितलं. मी म्हटलं, "नाही, चला, चला." पुढच्या चौकात परत तेच. शेवटी तो म्हणाला, "ताई, एक काय ते ठरवा, मला पोरांना शाळेतून आणायचंय." त्याच्या त्या वैतागानं मी ताळ्यावर आले. माझ्यासारखंच कुणीतरी बोललं असं वाटलं.

घरासमोर कापडी मांडव होता. पुरुष बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बायका आत सतरंजीवर. तिच्या नवऱ्यानं मला ओळखलं. उठून उभा राहिला, हात जोडले आणि आत बोट दाखवलं. त्याच्या तोंडावर मला काही वाईट दिसलं नाही. मी शोधत होते, तरी नाही दिसलं.

दारातच त्याची मावशी बसली होती, सुपारी चघळत. तिनं माझा हात धरून खाली ओढलं.

"बठ व माय, बठ. कोठून उनी?"

"जळगावहून."

"एकलीच उनी? संगे कोणी नही?"

दारावर एकटं कुणी जात नाही. चार बायका मिळून जातात, गाडी करून जातात. मी म्हटलं, "मी मैत्रीण आहे तिची."

"मैतरीण शे का तू? मंग इतला दिन कोठे व्हती? बठ्ठा ई गयात, तूच राहेल व्हती."

सगळे येऊन गेले, तूच राहिली होतीस, एवढंच ती म्हणत होती; तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते असं लागलं की मी उठून आतच गेले.

ती भिंतीशी बसली होती. नवीन बाई दारावर आली की घरच्या बाईनं उठायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि पुन्हा एकदा रडायचं. ती उठली. माझ्या गळ्यात पडली. मी तिला घट्ट धरलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या मिठीत येईल असं मला वाटलं होतं. तिनं मला धरलं ते आलेल्या बाईला धरतात तसं. खांद्यावर थोपटलं, सोडलं, आणि बसून सांगायला लागली, "सकाळी चहा पिली, बिस्कीट खाल्लं, म्हणाली जरा पडते. मी आंघोळ करून आले तर..." मी रडत होते, आईसाठीच रडत होते. तेवढ्यात पारोळ्याच्या दोन बायका आल्या. ती उठली, त्यांच्या गळ्यात पडली, आणि बसून म्हणाली, "सकाळी चहा पिली, बिस्कीट खाल्लं, म्हणाली जरा पडते." तेच शब्द, त्याच क्रमानं. माझ्या वाट्याला वेगळा एकही शब्द आला नव्हता. तिच्या आईच्या फोटोसमोर बसून माझा जीव या गोष्टीनं जळत होता, याची मला लाज वाटली, पण जळायचा थांबला नाही.

थोड्या वेळानं ती पाण्याची कळशी घेऊन मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले. तिथे नळ होता, कपडे धुवायचा दगड, तारेवर कुणाचा तरी परकर वाळत होता.

"मी भरते," मी म्हटलं.

"नको, तू बस."

"मला बसता येत नाही. तुला ठाऊक आहे."

तिच्या ओठांना काहीतरी झालं, हसू येता येता राहिल्यासारखं. तेवढ्यावर मी धीर केला.

"मी काय केलं, तेवढं सांग. सांग आणि मी जाते."

"आज विचारतेस?"

"आजच. एरवी तू गाडी बदलून पळतेस. आज तुला घर सोडून जाता येत नाही, आणि मला हाकलताही येत नाही."

हे बोलणं वाईट होतं. आई जाऊन दिवस उलटत नाहीत तोवर बोलायचं नव्हतं. पण बोलले. तिनं कळशी नळाखाली ठेवली आणि नळ सोडला नाही.

"माझ्या जातीचं आहे का?" मी विचारलं. "तुझ्या घरच्यांना मी नको आहे का? सरळ सांग. मी रडणार नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "तुला हेच सुचलं?"

"आम्हाला हेच आधी सुचावं अशी दुनियेनं सोय करून ठेवलीय. मी काय करू?"

"बाहेर जाऊन यांना विचार. यांनी कितीदा म्हटलं, तिला जेवायला बोलाव, एवढं केलं तिनं. नाही म्हणणारी मी होते. एकटी मी. तुझ्या आईच्या हातचं मी किती खाल्लंय, मला कुणी जात शिकवायची नाही. तूसुद्धा नाही."

ती ओरडली होती. मी शिकवलं होतं तसं, पोटातून. आतल्या बायकांचं बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. आई गेलेली बाई आहे, ओरडणारच, असं त्यांना वाटलं असेल. तिनं नळ सोडला, म्हणजे बोलणं आत जाणार नाही.

"तू गाडीतून उतरायचीस," ती म्हणाली. "चहासुद्धा सांगितलेला नसायचा आणि तू आधी माझ्या मनगटाकडे बघायचीस. दर वेळी. मग विचारायचीस, बरी आहेस ना, नीट बोलतो ना, हात तर उचलत नाही ना. अगं, या घरात मला तसं कुणी बघत नाही. यांना सगळं माहीत आहे, पण हे कधी विषय काढत नाहीत. मुलीला तर काहीच माहीत नाही. इथे मी वेगळीच कुणीतरी आहे. मी भांडते. उलटून बोलते. शेजारणी मला घाबरतात. आणि तू आलीस की मी परत त्या दारात उभी, अनवाणी."

"मग सांगायचं होतंस. मी विचारलं नसतं."

"विचारलं नसतंस. बघितलं असतंस."

माझ्या लक्षात आलं की मी तेव्हाही तिच्या मनगटाकडेच बघत होते. तिनं पदर हातावर ओढून घेतला. मग मी नीट वर बघितलं. ती जाड झाली होती. केसांना मेंदी लावलेली, नाकात नवी चमकी. गळ्याखाली उन्हानं रापलेलं, ते त्या पहाटेच्या गाडीचं असणार. ही बाई मी ओळखत नव्हते. गाडीत चढली असती तर कदाचित पुढे सरका, म्हणाले असते.

"म्हणजे मी चांगलं वागले हाच माझा गुन्हा," मी म्हटलं. मला संताप आला होता.

"गुन्हा कुठे म्हटलं मी? तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं असतं तर मीही भांडून मोकळी झाले असते. काय सांगणार होते तुला? कसं सांगणार होते? म्हणून ड्यूटी बदलून मागितली. सोपं होतं ते."

"अंधारात उठून ती डोंगरातली गाडी सोपी?"

"तुला सांगण्यापेक्षा सोपी."

कळशी भरून वाहत होती. दोघींपैकी कुणीच नळ बंद करत नव्हतं. मी विचारलं, "मग आता?"

"आता काही नाही. तू आलीस, आईला फार बरं वाटलं असतं. ती मरेपर्यंत तुझं नाव घेत होती, मी काही लपवत नाही. पण मला नको आहे. मला राहू दे." तिनं नळावर हात ठेवला. "तुझ्यावर माझा राग नाही. कधीच नव्हता. तू मला हवी नाहीस, एवढंच आहे."

तिनं नळ बंद केला, कळशी कमरेवर घेतली, उजव्या हातानं, सहज, आणि आत गेली.

मी त्या दगडावर बसले. बसता आलं मला. जातीचं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं आणि त्या विचाराचीच किळस आली. पण खोटं कशाला सांगू? तसं निघालं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनावले असते, जळगावला जाऊन सगळ्या डेपोला सांगितलं असतं, आणि माझी बाजू खरी ठरली असती. इथे माझी बाजू खरीच होती आणि त्या खरेपणाचा काही उपयोग नव्हता. मला तिच्या नवऱ्याचा हेवा वाटला. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो तिला हवा होता. त्याला न बघण्याची कला येत होती. मला ती आली नसती, हे तिचं बरोबर आहे का? मला अजून पुरतं पटलेलं नाही. मी शिकले असते, असं अजूनही वाटतं. पण शिकायला संधी मागायची ती कुणाकडे, आणि जिचं मनगट आहे तिनं ती का द्यावी?

आत गेले तेव्हा नशिराबादहून क्रूझर भरून बायका आल्या होत्या. सगळ्या एकदम रडत होत्या, ती एकेकीच्या गळ्यात पडत होती. गर्दी ओसरून ती पुन्हा भिंतीशी बसेपर्यंत मी कोपऱ्यात थांबले. मावशीनं मला सुपारी देऊ केली. मी नको म्हटलं. मग मी पदर सारखा केला आणि उठले.

दारावरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणासाठी कुणाला यायला लागू नये, म्हणून. मुकाट्यानं उठायचं आणि आपली चप्पल शोधायची. सकाळपासून आलेली प्रत्येक बाई तशीच उठून गेली होती, आणि त्यातली प्रत्येक जण पुढे कधीतरी हळदीकुंकवाला, नाहीतर मुलीच्या वाढदिवसाला या घरी येणार होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी 'येते' म्हटलं नाही. ती 'ये' म्हणाली नाही. आजूबाजूच्या बायकांना त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. मावशीनं पाय आखडून मला वाट करून दिली.